पिवळ्याचं पथ्य

भुकूम, २६ जुलै २०२५

किशोर,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता तुझ्या मित्राकडून काढून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस, मी त्याला सुखाने बसू दिलं नाही. शेत, बिल्डर, मी ग्रामसभेत तुझ्याविरुद्ध काय बोलले, यांतल्या कशाबद्दलही हे पत्र नाही. तुझ्या टाकीबद्दल आहे.

तू घर सोडलंस तेव्हा समोरच्या खोलीत जो समुद्र ठेवून गेलास, तो आम्ही दोघींनी सांभाळला आहे. सांभाळला म्हणजे भूगावच्या दुकानातला वाल्मीक तू सांगून गेल्याप्रमाणे येऊन पाणी बदलतो, आणि आम्ही दिव्याचं बटण दाबतो. नाना होते तोवर ते रोज संध्याकाळी टाकीसमोर खुर्ची टाकून बसत. तुझं नाव घेत नसत. तो पिवळा मासा काचेपाशी आला की त्याला "काय पाव्हणं" म्हणत. ते गेल्यावर ती खुर्ची आईने हलवू दिलेली नाही.

आता मुद्दा. दोनेक महिन्यांपासून काच पुसली की दोन दिवसांत पुन्हा हिरवी होते. दगडांवर तपकिरी केसांसारखं शेवाळ आलं आहे. ते मोठं मऊ पोवळं, तुम्ही लेदर म्हणता ते, मिटून मुठीएवढं झालं आहे. वाल्मीकने पाणी तपासलं. त्याच्या छोट्या नळीतलं पाणी इतकं गडद निळं झालं की त्याच्या तक्त्यावर तो रंगच नव्हता. फॉस्फेट, म्हणाला. जाताना तो एक बाटली ठेवून गेला. लँथनम नावाच्या धातूचं औषध आहे, पाण्यातलं फॉस्फेट धरतं आणि खाली बसवतं.

बाटलीवर छापलं आहे: पोवळ्यांसाठी पूर्णपणे सुरक्षित.

हा शब्द माझ्या जुन्या ओळखीचा आहे. नदीत सोडलेल्या फेसाळ पाण्याबद्दल तो मी साहेबांच्या तोंडून ऐकला आहे, डोंगर फोडणाऱ्या सुरुंगांबद्दल ऐकला आहे. कोणासाठी सुरक्षित, किती घातलं तर सुरक्षित, आणि चुकलं तर धावत कोण येणार, एवढं विचारलं की व्यासपीठावरचे लोक पाण्याचा पेला शोधू लागतात. बाटलीला मी तेच विचारलं. बाटलीही गप्प आहे.

वाल्मीकला विचारलं तर म्हणाला, "ताई, सगळेच वापरतात." हे उत्तर नाही. तू हा धंदा शिकलेला माणूस आहेस. तिकडे माशांच्याच केंद्रात काम करतोस असं कळलं. एका ओळीत सांग. घालू की नको?

शुभांगी


भुकूम, ९ ऑगस्ट २०२५

किशोर,

तुझी ती एक ओळ आली नाही. मग मला जे येतं ते मी केलं, वाचत बसले.

जे समजलं ते लिहिते. चुकत असेन तर सुधार. हे औषध फॉस्फेटला धरलं की त्याची पांढरी, पिठासारखी बारीक भुकटी होते. भुकटी पकडली गेली तर काम झालं. मोकळी सुटली तर पाणी दुधाळ होतं आणि ती माशांच्या कल्ल्यांत बसते. पिवळ्याच्या जातीचे मासे याला सगळ्यांत आधी बळी पडतात असं बऱ्याच जणांनी लिहिलं आहे. आपला मासा मेल्यावर लिहिलं आहे, त्यामुळे मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. शिवाय हेच औषध पाण्यातला क्षारही खाली ओढतं, ज्यावर पोवळी जगतात. लोहाचे तांबूस दाणे मिळतात, ते त्यातल्या त्यात सौम्य म्हणे. पण तेही एकदम जास्त घातले तर पाणी इतकं स्वच्छ करतात की पोवळी उपाशी पडून पांढरी होतात.

मला आयुष्यभर सरळ प्रश्नांची सवय आहे. विष आहे की नाही? असेल तर बंद करा. इथे मात्र पदार्थ दुय्यम निघाला आणि वेग मुख्य. तेच औषध थेंबाथेंबाने, बारीक कापडातून, रोज तपासत घातलं तर उपकार करतं, आणि एकदम ओतलं तर मारतं. वाईट पाण्याची सवय झालेल्या जिवाला चांगलं पाणीही एका दिवसात सोसत नाही. हे वाक्य सभेत टाळ्या घेणारं नाही, म्हणूनच ते मला पटायला चार दिवस लागले.

आणखी एक गोष्ट सगळेच सांगतात. फॉस्फेट येतं कुठून ते आधी शोधा, नाहीतर औषध म्हणजे गळक्या छपराखाली बादली. मी वाल्मीकला धारेवर धरलं. तो आरओचंच पाणी वापरतो, मीठ तेच आहे, माशांचं खाणं तू ठरवून दिलंस तेवढंच.

काल दुपारी कारण सापडलं. मी पौडला निघाले होते, चष्मा विसरला म्हणून परत आले. आई स्टुलावर उभी होती. टाकीचं झाकण उघडलेलं. तिच्या हातात दहीभाताचा घास, वर तुपाची धार. तिने तो पाण्यात सोडला. पिवळा वर आला, त्याने एक लचका तोडला, बाकीचा घास दगडांमध्ये विरघळत गेला. आईने हात जोडले आणि हळूच म्हणाली, "शिवले."

मी चष्मा घेतला आणि निघून गेले. तिने मला पाहिलं नाही.

शुभांगी


भुकूम, २५ ऑगस्ट २०२५

किशोर,

तू नानांच्या दहाव्याला नव्हतास, म्हणून ते तुला सांगायला हवं. नाहीतर पुढचं कळणार नाही.

नदीवर पिंड ठेवला. उंबरावर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. मग नेहमीचं सुरू झालं. एकेक जण पुढे होऊन नानांना शब्द देऊ लागला. शेत विकणार नाही, चंद्राबाईला, म्हणजे आईला, अंतर देणार नाही, म्हशी सांभाळू. कावळे बसून राहिले. ऊन चढलं. शेवटी कुशाबा काका माझ्याकडे वळून म्हणाले, "शुभे, किशोर येईल म्हण. नानाचा जीव त्याच्यात अडकलाय." सगळी माणसं माझ्याकडे पाहू लागली. बोलणं हे माझं काम, असं सगळ्यांनाच वाटतं.

मी बोलले नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि त्याच्याकडून शिववून घेतलं.

का बोलले नाही, तेही सांगते. कावळ्याबद्दल माझी मतं तुला पाठ आहेत, पण कारण ते नव्हतं. तुझ्या वतीने हमी द्यायचा अधिकार मला नव्हता. नानांनी तुला "मी मेलो तरी हितं येऊ नको" म्हटलं होतं आणि तू ते पाळलंस. तू येशील की नाही हे मला माहीत नव्हतं. जे माहीत नाही ते मी ठणकावून सांगत नाही. ते बाटल्यांवर छापणाऱ्यांचं काम आहे.

परवाच्या अमावास्येला मी आईशी बोलले. आधी शांतपणे समजावलं. भात कुजतो, त्याचं फॉस्फेट होतं, त्यावर शेवाळ माजतं, पोवळी गुदमरतात. ती तांदूळ निवडत ऐकत होती. मग म्हणाली की कंपाउंडवर पान ठेवून ठेवून थकले. शेजारच्या नव्या इमारतींमुळे हितं कावळाच राहिला न्हाई, पारवं येत्यात, पारव्यांचा काय उपेग. कावळा न्हाई शिवला तर घास पाण्यात सोडायचा असतो. पाणी घरातच हाय की, तेही किशोरच्या हातचं. आधी ती अमावास्येलाच सोडायची. पण पिवळ्याने घास घेतला आणि त्या दिवसापासून ती रोज सोडू लागली.

"आई, तो मासा आहे," मी म्हटलं.

"मी कुटं म्हणते मानूस हाय?"

"मग?"

"मग त्येंना उपाशी ठेवू?"

ती पिवळ्याला "त्ये" म्हणते, नानांना म्हणायची तसं. ती हे वेडाने करत नाही, किशोर. घरातला हिशेब, गॅसचा नंबर, माझ्या गोळ्या, सगळं तिला नीट आठवतं. मी आवाज चढवला. सभेत चढवते तसा. तिने निवडलेले तांदूळ बाजूला ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं.

"साऱ्या तालुक्यात बोलतीस. तितं नदीवर एक वाक्य बोलाया तुझी जीभ झिजली आसती व्हय?"



बाटली अजून फडताळात आहे. पिवळ्याचा रंग फिकट झाला आहे. लेदर पोवळं उघडत नाही. भात चालू असताना औषध घालण्यात अर्थ नाही, आणि भात थांबवणं माझ्याच्याने होत नाही. पाहतो आहेस ना, मी पुन्हा विचारते आहे.

शुभांगी


भुकूम, १४ सप्टेंबर २०२५

किशोर,

पार्सल मिळालं. चिठ्ठी शोधली. पिशव्या उलटून पाहिल्या, नळीत फुंकून पाहिलं. ज्यात गुंडाळलं होतं ते वर्तमानपत्रही पाहिलं, पण ते मल्याळम, त्यामुळे त्यातली एखादी बातमी तूच लिहिली असतीस तरी मला कळली नसती. असो. बारीक विणीच्या पिशव्या, सलाईनसारखी चाकाची नळी आणि क्षार तपासायचा संच. उत्तर पुरेसं स्पष्ट आहे. घाल, पण थेंबाथेंबाने, आणि भुकटी मोकळी सोडू नको.

खोक्यावरचा पत्ता तू हाताने लिहिलास. आईने तो कात्रीने कापून घेतला. कुठे ठेवला मी विचारलं नाही.

वाल्मीक आणि मी मिळून सगळं लावलं. औषध आरओच्या पाण्यात खूप पातळ केलं, बाटली भिंतीवरच्या खिळ्याला टांगली, नळी टाकीखालच्या दुसऱ्या टाकीतल्या पिशवीत सोडली. थेंब पिशवीत पडतो, पांढरं होतं ते पिशवीतच राहतं, पाणी गाळून पुढे जातं. आई दारात उभी राहून पाहत होती. टांगलेली बाटली, नळी, थेंब. नानांचे शेवटचे दिवस दवाखान्यात असेच गेले.

"सलाईन लावलं व्हय?"

मी हो म्हटलं.

"मग पथ्य आसंल."

मग म्हटलं, हो, तूप-भात बंद.

"आदी न्हाई का सांगायचं?" ती म्हणाली, आणि आत जाऊन तुपाचा डबा वरच्या फळीवर ठेवून आली. त्या दिवसापासून टाकीत एक शीत पडलेलं नाही. तीस वर्षं मी या तालुक्यात अंधश्रद्धेवर बोलते आहे. इतका झटपट परिणाम माझ्या एकाही भाषणाचा झालेला नाही, आणि हा माझ्या भाषणाचा नव्हताच.

आकडे हळूहळू उतरत आहेत. नळीतला निळा रंग आता तक्त्यावर सापडतो. क्षार रोज तपासते, कमी वाटला तर थेंब बंद ठेवते. लेदर पोवळ्याने काल कडेची बोटं थोडी बाहेर काढली. पिवळा मात्र कोपऱ्यात असतो. वाल्मीक म्हणतो वेळ लागेल.

आईला वेळ नाही. पितृपक्ष चालू आहे. वर्ष झालं नाही म्हणून नानांचं पान यंदा ठेवायचं नसतं, असं गुरुजी सांगून गेले. तिने ऐकून घेतलं आणि तयारी चालूच ठेवली. रोज विचारते, "सर्वपित्रीपतुर पथ्य सुटंल का?" मी म्हणते, सांगता येत नाही. तिला हे उत्तर आवडत नाही. डॉक्टरही असंच म्हणायचे, म्हणते.

शुभांगी


भुकूम, २२ सप्टेंबर २०२५

किशोर,

काल सर्वपित्री अमावास्या होती. काय झालं ते क्रमाने लिहिते.

पौडला सभा होती, नदीतल्या पाण्यावर. सुटीचा दिवस म्हणून गर्दी बरी होती. माझं भाषण नेहमीपेक्षा लांबलं. "सुरक्षित" या शब्दावर मी बराच वेळ बोलले, आणि चांगलं बोलले असं लोक म्हणाले. दुपारी घरी पोचले तेव्हा आई टाकीसमोर नानांच्या खुर्चीवर बसली होती. त्या खुर्चीवर ती कधी बसत नाही.

टाकी ताकासारखी पांढरी झाली होती. आतलं काही दिसत नव्हतं.

सकाळी टांगलेली बाटली रिकामी दिसली. मी ती मुद्दाम रिकामी ठेवली होती, क्षार उतरला होता म्हणून. ते मी तिला सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, मी सभेच्या घाईत विसरले. नाना सकाळची गोळी चुकवायचे तेव्हा ती संध्याकाळी दोन्ही द्यायची. तसंच केलं. फडताळातली मूळ बाटली काढली, राहिलेला डोस आणि थोडा जास्तीचा, म्हणजे दुपारच्या पानापर्यंत बरं वाटेल, असा हिशेब करून सरळ वरून टाकीत ओतला. पान तयार होतं. खीर, वडे, तूप-भात, सगळं खुर्चीशेजारी पाटावर मांडलेलं.

"मी मारलं का त्येंना?" तिने विचारलं. रडत नव्हती. काय झालं ते मी सरळ सांगावं, अशा आवाजात विचारलं.

मी पाण्यात हात घातला. पिवळा मागच्या दगडाला टेकून आडवा होता. कल्ले इतक्या जोरात उघडत होते की आतला लाल भाग दिसत होता. वाल्मीक पाणी बदलण्यासाठी खाऱ्या पाण्याचं पिंप भरून ठेवतो, त्यातलं पाणी धुण्याच्या टबात घेतलं, हवेची नळी सोडली, त्याला जाळीने उचलून त्यात ठेवलं. वाल्मीक भरे गावाला मेव्हण्याकडे जेवायला गेला होता. तो फोनवर सांगत गेला, मी करत गेले. पिशव्या बदल, फेस काढणारं यंत्र चालू ठेव, जमेल तेवढं पाणी बदल, लगेच क्षार टाकून बरोबरी करायला जाऊ नको. एका चुकीवर दुसरी ओतायची नाही, हे मला त्याने सांगायला लागलं नाही.

मग करण्यासारखं काही उरलं नाही. आम्ही दोघी टबाशी जमिनीवर बसलो. पिवळा कलंडायचा, सावरायचा, पुन्हा कलंडायचा. आई म्हणाली, "आता तरी बोल."

मला कळलं ती काय म्हणते ते.

"येईल म्हन. खोटं आसलं तरी म्हन. त्ये जायला लागल्यात."

किशोर, खोटं बोलायला मला जड गेलं असतं असं नाही. टबातला मासा आणि एक म्हातारी बाई, ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. पण सकाळीच मी दोनशे माणसांसमोर म्हणाले होते की जो चुकल्यावर धावत येणार नाही त्याने हमी लिहू नये. तू येशील ही हमी माझी नव्हे. नदीवर नव्हती, आजही नाही. मग माझी कोणती आहे, हे मी पहिल्यांदा शोधलं. नदीवर ते शोधायला हवं होतं की नव्हतं, त्याचा निवाडा मी करत बसत नाही. शोधलं तेव्हा सापडलं, आणि ते अगदी लहान होतं.

मी टबाकडे पाहून म्हणाले, "नाना, किशोरला मी बोलावते."

येईल असं म्हटलं नाही. आईने ते ओळखलं. तिने माझ्याकडे पाहिलं, थोडा वेळ विचार केला आणि मान हलवली. एवढं चालेल, अशी.

दिवेलागणीला कल्ल्यांची धडधड कमी झाली. पिवळा सरळ राहू लागला. स्वच्छ पाणी आणि हवा मिळाली की असं होतं, त्याचा माझ्या बोलण्याशी काही संबंध नाही. आईला मात्र संबंध आहे असं वाटतं. मी वाद घातला नाही.

आज सकाळी टाकी बरीच निवळली आहे. लेदर पोवळं पुन्हा पूर्ण मिटलं, त्याच्यावर पांढरं बसलं आहे, वाचेल असं वाटत नाही. बाकीची मशरूमसारखी छोटी पोवळी तग धरून आहेत. पिवळा अजून टबात आहे आणि त्याने काही खाल्लेलं नाही. आईने भाताचं नाव काढलं नाही. पथ्य चालूच आहे, म्हणाली. औषध मी पूर्ण बंद केलं आहे. पुढे कधी, किती आणि कोणतं घालायचं, हे वाचून जेवढं कळतं तेवढं मला कळलं. उरलेलं टाकी लावणाऱ्यालाच ठाऊक असणार.

आता मी दिलेला शब्द. मागच्या चार पत्रांत मी तुला टाकीबद्दल विचारलं, पाण्याबद्दल विचारलं. ये असं एकदाही लिहिलं नाही. तुझ्या लक्षात आलं असेल.

ग्रामसभेतल्या भाषणातलं एकही वाक्य मी मागे घेत नाही. तू बिल्डरची बाजू घेतलीस ती चूक होती. पुन्हा घेतलीस तर मी पुन्हा उभी राहीन, आणि तेव्हाही तू समोर बसलेला असावास. नानांनी तुला येऊ नको म्हटलं तेव्हा मी तिथे होते. तो शब्द त्यांचा होता, तो त्यांच्याबरोबर गेला. मार्गशीर्षात वर्षश्राद्ध आहे. खुर्ची तिथेच आहे, तुझी टाकी तिथेच आहे. ये.

आई विचारत होती, पत्रात काय लिहिलंस. तू येशील असं मी तिला सांगितलेलं नाही. बोलावलं आहे, एवढंच सांगितलं. तिने तुपाचा डबा फळीवरून काढून खाली ठेवला आहे. "टाकीसाठी न्हाई," म्हणाली.

तुझी,
आक्का